नवं जेड

घोडा फ्रिजमध्ये आहे हे त्या दुपारी फक्त वहिनीला माहीत होतं. दुधाच्या पातेल्यामागे, ओल्या फडक्यात गुंडाळून तिने तो सकाळीच ठेवून दिला होता आणि तेव्हापासून कोणी फ्रिजच्या आसपास फिरकलं की काहीतरी निमित्त काढून ती आधी तिथे पोचत होती.

घोडा म्हणजे दादाचा बसलेला घोडा. मुठीत मावेल एवढा, फिकट हिरवा, पाय पोटाशी घेऊन मान मागे वळवलेला. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक कमी होत गेलं तसतसे दादाने हे दगड जमवायला घेतले होते. जेडमधलं कोरीवकाम. आधी मासा आला, मग शेंग, मग घोडा, आणि मग मागच्या खोलीत खिडकीची कड, टेबल, कपाटाचं डोकं, जिथे बघावं तिथे हिरवट काहीतरी बसलेलं. उद्या सुतार येऊन त्या खोलीत भिंतभर काचेची कपाटं ठोकणार होता. ती ठोकली की तिथे पलंग सोडा, साधी गादी पसरायची सोय उरणार नव्हती.

आणि ताईला, म्हणजे आईच्या चिमीला, ती खोली हवी होती. मागच्या थंडीत ती नवऱ्याचं घर सोडून आली ती पुढच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपत होती. सोफा म्हणजे घराचा रस्ताच. दुधाच्या पिशव्या आणायला जाणारा, चपला शोधणारा, चार्जर विसरलेला, जो तो तिच्या पायांना वळसा घालून जायचा. तिने दादाकडे खोली मागितली होती. तोंड उघडून, स्पष्ट. दादा हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. "बघू" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी सुताराला माप घ्यायला बोलावलं.

तेव्हा आईने निकाल दिला. "हे बघा, दगड खरे निघाले तर खोली दगडांची. खोटे निघाले तर खोली चिमीची. रविवारी सगळ्यांसमोर बघा आणि मिटवा."

आता याला कोणी न्याय म्हणेल का? पोटच्या पोरीची तुलना दगडांशी! पण नवरा गेल्यावर आईने दुकानाचा गल्ला सांभाळला होता. गिऱ्हाईक हमरीतुमरीवर आलं की ती असेच झटपट निकाल लावायची आणि तिच्या निकालावर पुढे कुठे जायची सोय नसायची. दादाने मान डोलावली. ताईनेही डोलावली, कारण सोफ्यावर झोपणाऱ्या माणसाला फार घासाघीस करता येत नाही.

पंच म्हणून धाकट्याला बोलावलं होतं. तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, डोक्यावरचे केस विरळ झालेले, पण घरात अजून पिंट्याच. पिंट्या पूर्णपणे ताईच्या बाजूचा होता. बहिणीवर त्याची माया होतीच, नाही असं नाही. पण ताईला इथे खोली मिळाली नाही तर ती आपल्याकडे राहायला येईल, आणि मग आपल्या बायकोची बोलणी कोण खाईल, हाही विचार त्या मायेत होता.

जेवणाच्या टेबलावर दादाने काळं मखमली कापड अंथरलं. दुकानातली भिंगं मांडली, टॉर्च ठेवला, मासा आणि शेंग आणून ठेवली. घोडा नंतर, म्हणाला, घोडा शेवटी. वहिनी ओट्याकडे बघत बसली.

"आधी एक समजून घ्या," दादा म्हणाला. दुकानात नंबर तपासताना लागायचा तसा आवाज त्याने लावला होता. "जेड हा एक दगड नाही. दोन वेगवेगळ्या दगडांना एकच नाव आहे."

"मग त्यातला खरा कुठला?" आईने विचारलं.

"दोन्ही खरे."

"आणि खोटा कुठला?"

"बाकीचे सगळे. दिसायला सारखे असलेले."

"सारखे दिसतात तर कळतं कसं?"

"तेच तर शिकतोय मी, आई."

"एवढे आणून झाल्यावर?" पिंट्या म्हणाला.

दादाने तिकडे लक्ष दिलं नाही. "त्यातही ए, बी आणि सी असतात. ए म्हणजे दगड खाणीतून निघाला तसा, फक्त कोरलेला. बी म्हणजे आम्लात धुऊन आतल्या फटींत राळ भरलेला. सी म्हणजे रंगवलेला."

"म्हणजे बी म्हणजे सेकंड क्लास. पास तर झाला."

"पास नाही रे, नापास."

"मग पास फक्त फर्स्ट क्लास?"

"ए म्हणजे फर्स्ट क्लास नव्हे! ए असूनही दगड भिकार असू शकतो."

"खरा, पण भिकार."

"हो."

"आणि बी म्हणजे खोटा, पण सुंदर."

"अगदी बरोबर."

पिंट्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "वहिनी, चहा टाका हो. माझी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली."

आई मनापासून हसली. तिने शेंग उचलून डोळ्यांशी नेली, मग दातांशी नेली आणि परत खाली ठेवली. "माझे दातच खोटे. त्यांना काय कळणार खरंखोटं."

मग पोलादाची परीक्षा झाली. खऱ्या जेडवर पोलादाचं पातं चालत नाही, असं दादाने कुठेतरी ऐकलं होतं. स्वतः ओरखडायचं धैर्य त्याला आजवर झालं नव्हतं. पिंट्याने खिशातला चाकू काढला आणि दादाने हूं की चूं करायच्या आत माशाच्या पोटाखाली ओढला. करड्या रंगाची बारीक रेघ उमटली.

"गेला मासा," पिंट्या म्हणाला.

"थांब! दगड कडक असेल तर उलट पातंच झिजतं आणि पोलादाची रेघ दगडावर राहते. पुसली की जाते." दादाने थुंकी लावून अंगठ्याने रेघ घासली आणि भिंग लावलं. "गेली."

"अर्धी गेली."

"बरीचशी गेली."

"पण अर्धी जाते म्हणजे काय? अर्धा खरा?"

"ए चिमे, तू बघ."

ताईने बघितलं. रेघ होती असंही वाटत होतं आणि नव्हती असंही. आपल्याला रेघ दिसावी असं वाटतंय म्हणून ती दिसतेय का, हेही तिला कळेना. तिने भिंग आईकडे दिलं, आईने उलटं धरलं, आणि मग घरभर एकच गोंधळ. साबणाने धुऊन बघतो म्हणत दादा मासा घेऊन बाथरूममध्ये गेला, तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"घे गं चिमे, तो व्यापारी असेल! मीच निरोप ठेवला होता, घरच्यांना खात्री पटवून द्या म्हणून!"

पिंट्या आणि आईची वादावादी चाललेली. ताई फोन घेऊन बाहेर जिन्यात गेली.

"मी त्यांची बहीण बोलतेय. माल खरा आहे ना, एवढंच घरच्यांना विचारायचं होतं."

"शंभर टक्के खरा," पलीकडचा माणूस समाधानाने म्हणाला. "त्यांनी नवं जेड मागितलं, मी नवं जेडच दिलं."

"म्हणजे जेडच."

"नवं जेड."

"हो, म्हणजे नव्याने कोरलेलं."

"नाही हो ताई. कोरलं कधी, त्याचा इथे काही संबंध नाही. नवं जेड हे आमच्या धंद्यातलं नाव आहे. दगडच वेगळा. मऊ असतो, दिसतो तसाच. जेड नव्हे ते."

ताईला काही उमगेना. "मग त्याला जेड का म्हणता?"

"आम्ही कुठे जेड म्हणतो? आम्ही नवं जेड म्हणतो."

"अहो, पण त्यांना सांगायचं ना!"

"मी पहिल्यांदा जुनंच दाखवलं होतं. ते म्हणाले, छे छे, जुनं आमच्या घरात चालत नाही, नवंच द्या. दर खेपेला तेच. मला वाटलं, माणसाची आवड असते एकेकाची."

"घोडासुद्धा?"

"घोडा तर फारच छान आहे. नवंच, पण छान आहे."

फोन बंद झाल्यावर ताई पायरीवर बसली आणि तिला आधी हसूच आलं. जुनं आमच्या घरात चालत नाही! आजोबांनी दुकान काढलं तेव्हाचा नियम. दुसऱ्याने वापरलेली फ्रेम ना घ्यायची ना विकायची. दुसऱ्याच्या नाकावर बसलेलं आपण कोणाच्या नाकावर बसवत नाही, असं ते म्हणायचे. ते दुकानातून घरात आलं. या घरात कधी जुनी सायकल आली नाही, जुनं पुस्तक आलं नाही, कोणाचा उतरलेला स्वेटर आला नाही. आणि दादाने हा नियम इमानेइतबारे दगडांना लावला. जगात सगळे जुन्याच्या मागे लागलेले, आणि हा शहाणा जागोजागी छाती काढून सांगत होता, नवंच द्या.

मग हसू ओसरलं. खोली आपली झाली हे तिच्या लक्षात आलं. लक्षात आल्यावर बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण त्याच्याच पाठोपाठ दादाचं तोंड डोळ्यांसमोर आलं. दादा प्रत्येक नवा दगड आणला की आधी तिच्याकडे यायचा. सोफ्याच्या कडेला बसून खिशातून पुडी काढायचा. "ओळख काय असेल?" विचारायचा. घरात आल्यापासून तिला कोणी काही दाखवायला आणलं असेल तर ते त्यानेच.

ती आत आली. दादा ओल्या हातांनी उभाच होता. "काय म्हणाला?"

"रेंज नव्हती धड," ताई म्हणाली. "करतो म्हणाला परत."

आपण असं का बोललो, हे तिचं तिलाच कळलं नाही.

"जाऊ दे. आता घोडाच आणू. खरं जेड हातात कितीही वेळ धरलं तरी पटकन तापत नाही, थंड राहतं. काच लगेच कोमट होते. ही सगळ्यात सोपी परीक्षा."

"मी आणते!" वहिनी इतक्या जोरात म्हणाली की आई दचकली. ती आधी मागच्या खोलीत गेली, मग कशाला तरी म्हणून स्वयंपाकघरात गेली, आणि घोडा आणून तिने तो सासूच्या हातात ठेवला.

"अगं बाई!" आई ओरडली. "बर्फ आहे का काय!"

घोडा हातोहात फिरला. पिंट्याने मुठीत दाबला, गालाला लावला आणि त्याचा चेहराच पडला. "कमाल आहे. कळा येतात बोटांना."

दादाच्या हातात घोडा आला तेव्हा क्षणभर तोही बावचळला. रोज पुसायचा तो, पण इतका गार कधी लागला नव्हता. "ओला कसा काय?"

"पुसला मी," वहिनी म्हणाली.

त्याने घोडा दोन्ही हातांत धरून डोळे मिटले. इतका आनंद त्याच्या तोंडावर वहिनीने कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता आणि तो पाहून तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"झालं तर मग," आई म्हणाली. "खोली दगडांची. चिमे, शब्द म्हणजे शब्द."

"हो आई."

ती इतक्या चटकन हो म्हणाली की पिंट्या तिच्याकडे बघतच राहिला.

वहिनी चहाला उठली, ताई तिच्या मागे गेली. दूध काढायला ताईने फ्रिज उघडला आणि पातेल्यामागून ओलं फडकं बाहेर आलं. त्यावर घोड्याच्या पाठीचा उठाव अजून तसाच होता.

"वहिनी, हे इथे कसं?"

वहिनीने गॅस बारीक केला. घरात येऊन इतकी वर्षं झाली तरी नणंदेला ती "ताई, तुम्ही" म्हणायची, आणि ताईही तिला "तुम्ही"च. दोघींमध्ये भांडण असं कधी झालं नाही, कारण तेवढं जवळ कोणी आलंच नाही.

"तुम्हाला काय सांगू ताई," ती म्हणाली. "दिवसभर हे रिकाम्या खुर्चीकडे बघत बसतात दुकानात. घरी येऊन दगड पुसायला लागले की गुणगुणतात. गुणगुणतात हो! मला भीती वाटली, पिंट्याभाऊजींनी चेष्टा केली की तेही बंद होईल. तुमच्या खोलीचा विचार नाही केला मी. केला, पण मागे टाकला. शिव्या द्या मला."

ताईने शिव्या दिल्या नाहीत. जिन्यातलं सगळं सांगितलं. नवं जेड म्हणजे जेड नाही, हे वहिनीला दोनदा सांगावं लागलं.

"घोडासुद्धा?"

"घोडासुद्धा."

"मग तू गप्प का बसलीस?" वहिनी म्हणाली. "वेडी का तू? खोली तुझी आहे!" आणि मग आपण काय म्हणालो ते तिच्या लक्षात आलं, पण तिने ते सुधारलं नाही.

"दादाला वाईट वाटेल."

"वाटेल. मी बघते त्यांचं काय ते, माझा नवरा आहे तो. तुला खोली हवीय का नकोय?"

"हवीय," ताई म्हणाली आणि तिने ते ओलं फडकं ओट्यावर टाकलं. "मला दार हवंय, वहिनी. बंद होणारं दार."

"मग बोल. मी उभी राहते शेजारी."

आणि ती खरोखर उभी राहिली, हातात चहाचा ट्रे घेऊन. ताईने न थांबता सांगून टाकलं. पिंट्या खो खो हसायला लागला.

"भाऊजी, दात आत घ्या," वहिनी म्हणाली. "आणि अहो, घोडा मी फ्रिजमध्ये ठेवला होता. तेही ऐकून घ्या एकदमच."

दादाने मुठीतला घोडा टॉर्चच्या उजेडात धरला. "पण नवं म्हणजे नवंच ना?"

"नाही रे दादा. नाव आहे ते."

"जुनं नाही ते नवं. इतकं सरळ आहे. आपल्याकडे जुनं घेत नाहीत."

"अरे, तो नियम चष्म्यापुरता होता!" आई म्हणाली. "दगडांना लावायला कोणी सांगितलं होतं तुला?"

"सांगितलं कोणीच नाही. घरात होताच तो." त्याने घोडा मखमलीवर ठेवला. एव्हाना तो चांगलाच कोमट झाला होता. "म्हणजे हा जेड नाही. पण नवं जेड आहे. आणि तो खरं नवं जेड आहे. मग तो खरा का खोटा?"

भावाचं ते तोंड बघून पिंट्याचं हसू कुठल्या कुठे पळालं आणि त्याने एकदम बाजूच बदलली. "ताई, राहू दे ना त्याला खोली. दिसतात तर छान. तू चल माझ्याकडे, कधीपासून म्हणतोय मी." म्हणून झाल्यावर त्याला बायको आठवली आणि त्याने चहाचा मोठा घोट घेऊन जीभ भाजून घेतली.

"तू मध्ये पडू नकोस," आई म्हणाली. "शब्द म्हणजे शब्द. खोली चिमीची."

दादा टेबलावरचे दगड उचलून मागच्या खोलीत गेला. जरा वेळाने ताई गेली. तो खोक्यात एकेक दगड ठेवत होता, वर्तमानपत्रात गुंडाळून, नाजूक हातांनी, जेड असल्यासारखेच.

"सुताराला नको म्हणून कळवतो," तो म्हणाला.

"रागावलास?"

"तुझ्यावर? छे." त्याने शेंग गुंडाळली, परत उघडली, परत गुंडाळली. "चिमे, तुला खोली द्यायची नव्हती असं नाही गं."

"मग?"

"सोफ्यावर आहेस तोवर तू आलीयेस नुसती. चार दिवस आलीयेस, जाशील. खोली दिली, पलंग टाकला, की मग..." त्याने शेंग खोक्यात ठेवली. "मला वाटायचं, तो येईल एखाद्या दिवशी न्यायला. मी खोली देऊन टाकली तर आपणच दार लावल्यासारखं होईल. मग हे दगड आणून भरत गेलो. मला तरी कुठे धड कळत होतं मी काय करतोय."

ताईला त्याचा संताप आला आणि कणवही आली. एवढे महिने हा माणूस तिच्यासाठीच तिची जागा अडवून बसला होता!

"तो येणार नाही, दादा. आणि आला तरी मी जाणार नाही. मी राहायला आलेय."

हे तिने घरात कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

दादाने खोक्यातून घोडा परत बाहेर काढला. मग म्हणाला, "घोडा तरी ठेवू का इथे? खिडकीत? एकटाच."

"नको."

"एवढासा आहे."

"नको दादा. मला पूर्ण खोली हवीय."

त्याने तिच्याकडे बघितलं, आणि कसं कोण जाणे, त्याला हसू आलं. "बरोबर आहे तुझं," म्हणत त्याने खोकं उचललं. बाहेर पडताना कोपराने दार ओढायला लागला.

"राहू दे. मी लावते," ताई म्हणाली.

तिने दार लावलं. कडी घातली. आणि पुढच्या खोलीत त्यांनी तिचं रडणं ऐकलं, मोठ्याने, लहानपणी रडायची तसं, थांबायचं नाव नाही. नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. दादा खोकं खाली ठेवून उलटपावली निघाला, वहिनी पदराला हात पुसत उठली, पिंट्या तर दारापर्यंत पोचलाही होता आणि टकटक करायला त्याने बोटं मुडपली होती.

"ए, मागे फिरा सगळे," आई टेबलापासूनच ओरडली. "तिची खोली आहे ती."